तात्याजी आणि शेंदराची रेघ

श्री. तात्याजी उमरेडकर यांच्याशी माझा परिचय झाला, तो त्यांनी मला भर दुपारी ताटकळत ठेवले म्हणून. मुंबईहून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी नुकताच नागपुरास परतलो होतो व एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत रुजू झालो होतो. कारखान्याच्या व्यवस्थापकांची मोटार कॉटन मार्केटजवळच्या तात्याजींच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीस गेली होती आणि ती घेऊन येण्याचे काम माझ्याकडे आले. गाडी धुऊन-पुसून अंगणात उभी होती. तात्याजींनी ती चालू करून दाखविली, आवाज निर्दोष होता. मी ड्रायव्हरला खूण केली तोच ते म्हणाले, "बसा जी थोडं. रेघ राह्यली."

ही रेघ कसली, हे वर्कशॉपशी संबंध न आलेल्या वाचकांसाठी येथेच सांगितले पाहिजे. तात्याजींच्या वर्कशॉपचा एक रिवाज आहे. इंजिनाचा महत्त्वाचा बोल्ट कसून झाला, की ज्या मिस्त्रीने तो कसला त्याने बोल्टच्या माथ्यावरून खालच्या धातूवर उतरणारी एक बारीक रेघ ओढायची. त्यासाठी तेलात कालवलेला शेंदूर एका चिनी मातीच्या वाटीत नेहमी तयार असतो. रेघ वाळली की पक्की बसते. पुढे तो बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते आणि बोल्ट सैल झाल्याचे नुसत्या नजरेने कळते. शिवाय प्रत्येक मिस्त्रीची रेघ निराळी. कोणाची एकेरी, कोणाची दुहेरी, कोणाची टोकाशी वळलेली. म्हणजे बोल्ट कोणाच्या हातचा, हेही त्यावर लिहिलेलेच असते.

मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, "आपण तर मालक आहात. ती रेघ आपण ओढली तर काय बिघडेल?"

"बिघडत काई नाही," तात्याजी म्हणाले. "पन रेघीले दोन गोष्टी लागतात. शेंदूर लागते आन् हात लागते. शेंदूर हा पाहा, हाये. हात जेवाले गेला."

हात म्हणजे इब्राहिमभाई मिस्त्री. ते यथावकाश जेवून, मिशा पुसत आले. त्यांनी प्रत्येक बोल्टवर पुन्हा एकदा पाना लावून पाहिला, आपली दुहेरी रेघ ओढली आणि मगच गाडी फाटकाबाहेर पडली. कचेरीत मला उशिराबद्दल बोलणी बसली. परंतु हिशेबाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला त्या दुपारी जे दिसले ते मोलाचे होते: दुसऱ्याच्या कामाखाली आपली सही करण्यास नकार देणारा मालक. पुढे काही वर्षांनी वर्कशॉपच्या कचेरीची व्यवस्था पाहण्याविषयी तात्याजींनी मला विचारले, तेव्हा मी वेतनाची चौकशी करण्यापूर्वीच होकार दिला. माझ्या स्वभावात हे बसत नाही, हे मला ओळखणारे जाणतात.

तात्याजींचे घराणे उमरेडकडचे, शेतीवाडीचे. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून ते लोखंडाचे काम शिकले आणि इंग्रजी यंत्रग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून स्वतःच वाचले. त्यांच्या कामाचे वर्णन मी एका वाक्यात करू शकतो: यंत्र जे सांगते ते ऐकून होईपर्यंत ते स्वतः काही बोलत नाहीत. सभासमारंभांत मात्र हा गुण त्यांच्यात आढळत नाही. तेथे ते उशिरा येतात, आल्यावर शेजाऱ्याशी बोलतात आणि अध्यक्षांच्या भाषणात झोपतात. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या प्रकाशन समारंभीही ते हेच करतील, हे गौरव समितीने गृहीत धरावे.

त्यांच्या ममतेविषयी इतरांनी या ग्रंथात पुष्कळ लिहिले असेल. मी एकच प्रसंग नोंदवितो. मोटारी वाढू लागल्या तशी टांगेवाल्यांची मिळकत घटली आणि मोटार दुरुस्त करणारा माणूस त्यांना शत्रूसारखा वाटू लागला. अशा दिवसांत एका टांग्याचा आस आमच्या फाटकासमोरच मोडला. टांगेवाला उतरून मोटारीच्या नावाने शिव्या देऊ लागला. तात्याजींनी त्या शांतपणे ऐकल्या, आस आत नेला, भट्टीत तापवून जोडला आणि स्वतः खांद्यावरून बाहेर आणला. टांगेवाला ओशाळून म्हणाला, "तात्याजी, मी त तुमालेच शिव्या देऊन राहिलो होतो." तात्याजी म्हणाले, "दे ना गा. आस वेगळा, शिव्या वेगळ्या. घोड्याले पानी पाज आधी."

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी हाती घेतली, त्याकडे येतो.

युद्धाचे दिवस होते. विलायतेहून सुटे भाग येणे थांबले होते, आणि जे यंत्र ज्याच्याकडे होते ते त्याने जपावे, अशी स्थिती होती. हिंगण्याकडील एका गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, श्री. अमृतराव यांच्याकडे एक मोटारसायकल होती. कामठीच्या छावणीतील एक गोरा अधिकारी स्वदेशी परतताना त्यांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. अमृतरावांचे तिच्यावर अतोनात प्रेम. आपल्या बैलजोडीची कोणी तारीफ केली तर ते नुसते हसत; फटफटीची केली तर चहा मागवीत.

या गाडीचे हेड एकदा अतितापाने वाकले. सिलिंडर हे भांडे मानले तर हेड हे त्याचे झाकण. बोल्ट ते झाकण दाबून धरतात आणि दोहोंच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचे पॅकिंग असते. झाकण जरा जरी उचलले गेले, तरी आतला जाळ फटीतून बाहेर फुसफुसतो आणि इंजिनाचे बळ जाते. तात्याजींनी ते वाकलेले हेड सपाट लोखंडी पाट्यावर कुरुंदाची पूड व तेल घालून स्वहस्ते घासले आणि आरशासारखे सरळ केले. हे काम ते आजही दुसऱ्या कोणास देत नाहीत. मूळचे जाड पॅकिंग मिळत नव्हते, म्हणून बाजारात होता त्या पातळ पत्र्यातून इब्राहिमभाईंनी नवे कापले. त्यांनीच हेड बसविले, बोल्ट कसले व आपली दुहेरी रेघ ओढली.

थोड्याच दिवसांत गाडी परत आली. बोल्ट सैल, रेघा तुटलेल्या. नवे पॅकिंग दबून बसते तेव्हा असे होते. म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. इब्राहिमभाईंनी बोल्ट पुन्हा कसले, रेघा नव्याने ओढल्या. गाडी पुन्हा आली. पुन्हा बोल्ट सैल, पुन्हा कसणे, पुन्हा रेघा. या वेळी अमृतराव जाताना म्हणाले, "मिस्त्री, बोल्ट कसता का नुसते कुंकू लावता?" इब्राहिमभाई हसले, पण ते हसणे ओठांपुरते होते.

तिसऱ्या खेपेस अमृतराव गाडीवर बसून आले नाहीत. बैलगाडीत ते पुढे बसलेले आणि मागे आडवी बांधलेली मोटारसायकल, असे ते आले. पांढऱ्या धोतरावर काळ्या तेलाचे पट्टे होते. मुलासाठी कामठीच्या एका घराण्यातील मुलगी सांगून आली होती. ती पाहण्यास मुलाला व इतर मंडळींना बैलगाडीने पुढे पाठवून अमृतराव स्वतः फटफटीने निघाले होते. कामठी नजरेच्या टप्प्यात आली आणि हेडने जाळ बाहेर टाकला.

"काहून जी तात्या!" ते अंगणातूनच गरजले. "व्याह्याच्या दारात मी फटफटी ढकलत गेलो! अर्धं कामठी पाहत होतं. एक पोट्टं म्हने, मामाजी, धक्का देऊ का? ही माही इज्जत!"

तात्याजी पुढे झाले. इब्राहिमभाई त्यांच्याआधी गाडीपाशी पोहोचले, वाकले आणि ताठ उभे राहिले. "तात्याजी, ये देखो. लकीर साबूत है."

आम्ही सर्वांनी पाहिले. दुहेरी रेघ प्रत्येक बोल्टवर अखंड होती. आणि तरीही हेडच्या कडेला काजळी धरली होती. जाळ तेथूनच बाहेर पडला होता, यात संशय नव्हता. गाडी आडवी आणल्याने बोल्टांवर तेल ओघळले होते, त्यामुळे रेघा ओल्या की वाळलेल्या, हे मात्र सांगता येत नव्हते.

अमृतरावांनी एकदा रेघांकडे, एकदा इब्राहिमभाईंकडे पाहिले. "समजलं मले," ते म्हणाले. "आत्ता वाकला तवा बोट फिरवलं यानं. बोल्ट सैलच होते. चोरी त चोरी, आन् वरून शेंदूर! तात्या, आपले संबंध जुने आहेत म्हनून सांगतो. हा मानूस इथं राहीन त माहं अन् माह्या भावाईचं एकबी काम या फाटकातून आत येनार नाही. संध्याकाळी येतो. तवा हा दिसला नाही पाह्यजे."

काम जाण्याचा प्रश्न होता, हे खरे. पण खरा धोका इब्राहिमभाईंना होता. त्यांचे सारे आयुष्य त्या वर्कशॉपात गेले होते. हा मिस्त्री तुटलेली रेघ लपवून पुन्हा ओढतो, असे एकदा नागपुरात पसरले असते, तर त्यांच्या हाती पाना देण्यास कोणीही धजावले नसते. माणसाची नोकरी गेली तर दुसरी मिळते. रेघेवरचा विश्वास गेला तर मिस्त्रीपाशी काय उरते?

येथे मी तात्याजींची एक उणीव लपविणार नाही. कारण ती त्यांनी स्वतः कधी लपविली नाही. ते इब्राहिमभाईंकडे वळून हळूच म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगा. बोट लावलं का?"

इब्राहिमभाईंनी कमरेचे फडके सोडले आणि घडी करून खुर्चीवर ठेवले. "मालगुजार साहब ने पूछा, तो मैंने सुन लिया," ते म्हणाले. "आपने भी पूछा, तात्याजी?" आणि ते आपली हत्यारे पिशवीत भरू लागले.

त्या प्रश्नाने तात्याजींचा चेहरा कसा झाला, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. ते म्हणाले, "पिशवी भरा. भरू नका म्हनाचा हक्क माह्यापाशी राह्यला नाही. पन हेड उघडेपर्यंत थांबा. एवढं ऐका."

इब्राहिमभाई फाटकाजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. तात्याजींनी स्वतः बोल्ट काढण्यास आरंभ केला. एकेक बोल्ट एवढ्या जोराने घट्ट होता की पाना कुरकुरत होता. त्यांनी पहिला बोल्ट उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि त्याच्या टोकाकडे पाहत राहिले. टोकाचा आटा, म्हणजे पेचाचा शेवटचा वेढा, चेपलेला होता.

मग त्यांनी शेंदराची वाटी मागितली. बोल्टच्या टोकाला ओला शेंदूर लावला. पॅकिंगसह हेड जागेवर ठेवून तो बोल्ट पूर्ववत कसला आणि लगेच काढला. टोकावरचा शेंदूर पुसला गेला होता. हेड उचलून त्यांनी सिलिंडरातील बोल्टच्या भोकात टॉर्चचा उजेड टाकला. ही भोके आरपार नसतात, त्यांना तळ असतो. त्या तळाशी शेंदराचा लाल ठसा उमटला होता.

पाहणाऱ्या आम्हांपैकी कोणाला अजून उलगडा झाला नव्हता. तात्याजींना झाला होता. त्यांनी हेड उलटे करून त्याच्या चकचकीत तळावरून बोट फिरविले आणि तेथेच जमिनीवर बैठक मारली.

गोष्ट अशी होती. घासून घासून त्यांनी हेड सरळ केले होते, पण तेवढ्याने ते पातळही झाले होते. त्यात पॅकिंग मूळच्याहून पातळ. झाकणाची जाडी कमी झाली, बोल्ट मात्र पूर्वीच्याच लांबीचे राहिले. दोनदा पॅकिंग दबले आणि दोनदा बोल्ट आणखी आत गेले. तिसऱ्यांदा कसताना त्यांची टोके भोकाच्या तळाला टेकली. तेथून पुढे मिस्त्रीने कितीही जोर लावला तरी बोल्ट तळावर घट्ट होत होता. हेडवर त्याचा दाब पडतच नव्हता. हाताला तो घट्टच लागणार, रेघही अखंडच राहणार. इब्राहिमभाईंचा हात खरा होता, त्यांची रेघ खरी होती. हेड घासल्यावर बोल्टची लांबी मोजून पाहण्याचे काम ज्याने घासले त्याचे होते. आणि ते तात्याजींनी केले नव्हते.

संध्याकाळी अमृतराव आले. इब्राहिमभाई बाकावरच बसलेले पाहून त्यांच्या भुवया चढल्या. तात्याजींनी सर्व मिस्त्रींना हातातले काम खाली ठेवून अंगणात बोलावले, हेड, बोल्ट व शेंदराची वाटी स्टुलावर मांडली आणि शेंदराची ती परीक्षा अमृतरावांसमोर पुन्हा करून दाखविली.

"तुमची इज्जत गेली ते माह्या हातानं गेली, अमृतराव," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या नाही. हेड मी घासलं आन् बोल्ट मोजाचे राह्यले."

अमृतराव अवघडले. तात्याजींवर त्यांचा लोभ होता, आणि असे काही ऐकण्याची तयारी करून ते आले नव्हते. ते पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "अहो तात्या, चार लोकात काहून सांगता? बोल्ट जुने होते म्हना ना. कोनाले काय समजते त्यातलं? मीबी तसंच सांगीन."

"बोल्ट जुने आहेतच," तात्याजी म्हणाले. "पन ते त मी मोजले नाही तवाबी जुनेच होते." मग ते इब्राहिमभाईंकडे वळले. "आन् मिस्त्री, दुसरी चूक मोठी. मी तुमाले विचारलं. ते विचाराचं नव्हतं. हेबी चार लोकातच सांगतो, कारन चार लोकातच विचारलं होतं."

अमृतरावच मध्ये पडून म्हणाले, "मंग आता काढाचं कोनाले? मी त दुपारी एकाले काढाची शपथ घेऊन गेलो!"

"मालकाले काढा," तात्याजी म्हणाले. "पन त्याले ठेवाचं का नाही, हे मिस्त्रीले विचारा."

इब्राहिमभाई उठले. पिशवी बाकावर ठेवून ते स्टुलाजवळ आले, बोल्ट उचलून निरखला आणि म्हणाले, "रखेंगे. आदमी काम का है. मगर एक शर्त है. यहाँ सबका निशान है, मालिक का नहीं. इसी वास्ते सारी उँगलियाँ मेरे पे उठीं. आज से मालिक भी निशान लगाएँगे."

हे वाक्य आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते, आणि ते पूर्णपणे खरे होते. प्रत्येक हाताची खूण ठेवणाऱ्या त्या वर्कशॉपात एकाच हाताला खूण नव्हती, कारण तो हात चुकेल असे कोणाच्या, स्वतः त्यांच्याही, मनात आले नव्हते. तात्याजींनी मान डोलावली. बोल्टांची टोके त्यांनी कानशीने झिजवून आखूड केली आणि भोकाच्या तळाशी मोकळी जागा राहते, याची खात्री करून घेतली. हेड इब्राहिमभाईंनी बसविले. इंजिन तापवून, निवल्यावर पुन्हा कसले. आपली दुहेरी रेघ ओढली. मग तात्याजींनी शेंदरात करंगळी बुडवून हेडच्या कडेला एक ठिपका दिला. अमृतराव बाजूने म्हणाले, "लावा, लावा. माह्या पोराच्या लग्नात अक्षदाबी तुमीच लावजा."

लग्न ठरले, हे आम्हांला तेव्हाच कळले. मुलीचे वडील म्हणे म्हणाले होते, की जो माणूस उन्हात फटफटी ढकलत वेळेवर पोहोचतो, तो व्याही म्हणून चालेल. अमृतरावांच्या त्या मोटारसायकलचे बोल्ट पुन्हा सैल झाले नाहीत. हिंगण्याच्या रस्त्याने ती अजूनही जाते आणि ती येत असल्याची वर्दी गावाला बरीच आधी मिळते.

चूक न करणाऱ्या माणसाविषयी गौरवलेख लिहिणे सोपे असते. असा माणूस मात्र मला अद्याप भेटलेला नाही. चूक झाल्यावर ती जेथून आली तेथपर्यंत चालत जाणारा आणि तेथे आपलीच पावले दिसली तरी मागे न फिरणारा माणूस मला भेटला, आणि त्याच्या कचेरीत बसून मला उपजीविका करता आली, हे मी माझे भाग्य समजतो.

मागल्याच आठवड्यात एक नवे गृहस्थ आपली मोटार घेण्यास आले. गाडी तयार होती. त्यांना कोठे तरी पोहोचण्याची घाई होती व ते ती बोलूनही दाखवीत होते. इब्राहिमभाईंनी, ज्यांच्या मिशा आता पूर्ण पिकल्या आहेत, बॉनेट उघडले, चष्मा सारखा केला, हेडच्या कडेकडे पाहिले आणि बॉनेट तसेच उघडे ठेवले.

"अब क्या रह गया?" गृहस्थांनी विचारले.

"निशान रह गया, साहब. बैठिए. हाथ खाना खाने गया है."

तात्याजींच्या वयाची साठ वर्षे पूर्ण होत असताना परमेश्वराजवळ माझे मागणे हेच आहे, की त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, भूक अशीच शाबूत राहो, जेवण सावकाश होवो. आणि शेंदराच्या वाटीपाशी बसून त्या हाताची वाट पाहण्याचे सुख नागपूरकरांना अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षे लाभो.